पांढरे कपडे आणि साडेतीन रुपयांची पावडर



यंदाच्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही काही जण तयारीला लागलो होतो. बुद्धमूर्तीच्या आसनाखाली अंथरायच्या पांढऱ्या चादरी वर्षभर खोक्यात राहून पिवळट पडल्या होत्या. त्या धुण्यासाठी एका ताईंनी भारतीय किराणा दुकानातून निरमाचा पुडा आणला. पुड्यावरची पांढऱ्या झग्यातली मुलगी दिसताच पन्नाशीच्या आसपासचे आम्ही सगळेच बोलू लागलो. कुणाला गावची विहीर आठवली, कुणाला चाळीतला सार्वजनिक नळ, कुणाला दूरदर्शनवरचे ते गाणे. बोलण्याच्या भरात दोन मुठी पावडर ताईंच्या घरच्या यंत्रात पडली. ही पावडर मुळात बादलीत हाताने धुण्यासाठी केलेली. पुढून दार उघडणाऱ्या इथल्या यंत्रात तिचा फेस मावला नाही. तो वरच्या खणातून बाहेर आला आणि स्वयंपाकघरभर पसरला. चूक आमचीच होती. आम्ही फरशी पुसली, पोटभर हसलो आणि चादरी शेवटी न्हाणीघरातल्या टबात भिजत घालून पायांनी तुडवल्या. त्या लख्ख निघाल्या.

दुसऱ्या दिवशी वंदनेच्या वेळी एक तरुण भगिनी सभागृहाच्या दाराशी उभी राहिलेली दिसली. वृद्धसेवागृहातली रात्रपाळी संपवून, घरी न जाता ती थेट आली होती. अंगावर कामाचा निळसर गणवेश होता. पुढे येऊन बसा, असे दोनदा सांगूनही ती आली नाही. कार्यक्रम संपल्यावर तिने कारण सांगितले. आम्ही काढलेल्या सूचनेत ‘शुभ्र वस्त्रे अनिवार्य’ असे छापले होते. तिला कुणी अडवले नव्हते, कुणी काही बोलले नव्हते. तिला आमच्या छापील ओळीने दारात उभे केले होते.

आदल्या दिवशीचे हसू आणि त्या दिवशीची ही खंत आमच्या मनात एकमेकींपासून वेगळी राहिली नाही. पांढऱ्या कपड्याशी आपल्या समाजाचे जे नाते आहे, त्याच्या एका टोकाला ती स्वस्त पावडर आहे आणि दुसऱ्या टोकाला दाराशी उभी राहिलेली ती भगिनी. म्हणून या वेळी धुण्याच्या पावडरीवर लिहीत आहोत. विषय किरकोळ वाटेल. आम्हाला तो तसा वाटत नाही.

आधी पावडरीचा इतिहास थोडक्यात. भारतात धुण्याची पावडर पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आली. १९५९ मध्ये आलेले ‘सर्फ’ हे शहरातल्या सुखवस्तू घरांचे उत्पादन होते. बाकीचा देश साबणाच्या वडीने, धुण्याच्या सोड्याने, रिठ्याने, राखेने किंवा खाऱ्या मातीने कपडे धूत होता. १९६९ मध्ये अहमदाबादला गुजरात सरकारच्या खनिज विभागात नोकरी करणाऱ्या करसनभाई पटेल या रसायनतज्ज्ञाने घराच्या परसात एक पिवळसर पावडर तयार केली. नोकरी सांभाळून ते सायकलवरून दारोदार जाऊन ती विकत. मुलगी निरुपमा हिच्या नावावरून तिचे नाव ‘निरमा’ पडले. किंमत किलोला सुमारे साडेतीन रुपये. नामांकित पावडरीला त्या वेळी याच्या तिप्पट-चौपट पैसे पडत. पुढे ऐंशीच्या दशकात या परसातल्या पावडरीने खपामध्ये बड्या कंपनीला मागे टाकले. तेव्हा त्या कंपनीलाही स्वस्त पावडर बाजारात आणावी लागली.

व्यवस्थापनाच्या वर्गात ही कथा उद्योजकाच्या चातुर्याची कथा म्हणून शिकवली जाते. ती तशी आहेही. परंतु आमच्या वस्त्यांतून पाहिली, तर तिला आणखी एक बाजू दिसते, आणि ती कुठल्या वर्गात शिकवली जात नाही.

गावगाड्यात परीट होता. पण तो आमचे कपडे धूत नसे. न्हाव्याने आमचे केस कापायचे नाहीत, परटाने आमच्या कपड्यांना हात लावायचा नाही, ही रीत होती. पाणवठाही वेगळा, बहुधा गावाच्या खालच्या अंगाचा. आमच्या वाट्याला येणारे कपडे पुष्कळदा दुसऱ्याने टाकलेले, मेलेल्याच्या अंगावरून उतरवलेलेसुद्धा. स्वच्छतेची साधने एका हाताने काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने अस्वच्छतेचा ठपका ठेवायचा, अशी ती व्यवस्था होती. शहरातल्या कारखान्यांनीही ती मोडली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. जे कापड अंगावर घालायचे, ते विणण्याच्या जागीही आम्हाला मज्जाव होता.

म्हणूनच महाडच्या परिषदेत, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा ते लुगड्याविषयी बोलले. जातीची खूण सांगणारी लुगडी नेसण्याची पद्धत टाकून द्या, हातापायांतले ओझ्याचे दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असा त्या उपदेशाचा आशय होता. त्यातच त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिच्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. कपड्याला ठिगळे असली तरी चिंता करू नका, तो स्वच्छ असला म्हणजे झाले, असे त्यांचे सांगणे होते. अंगावर काय आणि किती किमतीचे आहे, हा त्यांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता.

त्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत जमले. स्वतः बाबासाहेबही पांढऱ्या वस्त्रांत होते. बौद्ध परंपरेत गृहस्थ उपासकांना ‘ओदातवसन’, म्हणजे पांढरी वस्त्रे नेसणारे, असे म्हटले आहे. त्या दिवसापासून पांढरा रंग आपला झाला. परंतु पांढरा कपडा विकत घेणे एका दिवसाचे काम असते आणि तो पांढरा ठेवणे आयुष्यभराचे. शेतात, बांधकामावर, गिरणीत, रस्त्यावर राबणाऱ्या माणसांच्या घरात ते कुणी केले? आमच्या आई-आज्यांनी केले. कशाने केले, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या पुष्कळ विहिरींचे पाणी जड. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. पाण्यातल्या क्षारांशी संयोग होऊन त्याचा चिकट साका होतो आणि तो कपड्यावरच बसतो. पांढरा सदरा त्यामुळे आणखी करडा दिसू लागतो. कृत्रिम पावडरीतले द्रव्य जड पाण्यातही काम करते आणि तिच्यातला धुण्याचा सोडा पाण्याचा जडपणा कमी करतो. लंडनच्या नळाचे पाणीही जडच आहे, म्हणून इथल्या पावडरीतही हीच युक्ती वेगळ्या घटकांनी साधलेली असते. आमच्या आईला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. तिला एवढेच कळत होते, की ही पावडर घातली की विहिरीच्या पाण्यातही फेस होतो, आणि ती एका दिवसाच्या मजुरीचा मोठा हिस्सा न देता मिळते. तिला कुठल्या परटाची मनधरणी करायची नव्हती. वाण्याच्या दुकानात पैसे ठेवले की पुडी मिळत होती.

चौदा एप्रिलच्या आदल्या रात्रीचे धुणे आम्हाला आठवते. घमेल्यात कपडे भिजत घातलेले, दगडावर घासण्याचा आणि आपटण्याचा आवाज, मग दोन पाण्यांतून खळबळून काढणे, शेवटच्या पाण्यात निळीचा थेंब आणि दोन बाजूंनी दोघींनी धरून पिळलेले पातळ. सकाळी तांब्यात निखारे भरून केलेली इस्त्री. मिरवणुकीत आम्ही जेव्हा रांगेत उभे राहत होतो, तेव्हा आमच्या सदऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय कुणाला उरलेली नव्हती. ही भावना लहान नव्हती. ती आम्हाला साडेतीन-चार रुपयांच्या पावडरीने आणि एका बाईच्या दोन हातांनी मिळवून दिली होती.

इथवर आलो की आठवण गोड होऊ लागते, आणि नेमके इथेच आपण सावध व्हायला हवे असे आमचे मत आहे.

पहिली गोष्ट हातांची. त्या पावडरीत सोड्याचे प्रमाण भरपूर असे आणि सोडा हात खातो. दर आठवड्याला ढीगभर धुणे उपसणाऱ्या आमच्या आयांच्या बोटांना भेगा पडत, त्यांत भाकरीच्या पिठाचे मीठ झोंबे, रात्री त्या खोबरेल लावून झोपत. आपल्या अंगावरच्या शुभ्रपणाची किंमत साडेतीन रुपये नव्हती. उरलेली किंमत त्या हातांनी भरली होती. निरमाची आठवण काढताना गाणे आठवायचे आणि हात विसरायचे, ही आठवण अर्धीच म्हणावी लागेल.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. ऐंशीच्या दशकात महाग पावडरीच्या जाहिरातीत ललिताजी आल्या. स्वस्त आणि चांगले यांतला फरक ओळखणारी चोखंदळ, व्यवहारी गृहिणी म्हणून देशाने त्यांचे कौतुक केले. अभिनय उत्तम होता आणि हिशेबही चुकीचा नव्हता. परंतु महाग वस्तू शेवटी स्वस्त पडते हे गणित ज्याच्याकडे महिन्याची रक्कम एकदम असते त्याला जमते. रोजच्या मजुरीवर रोजचा बाजार करणाऱ्या बाईसमोर निवड स्वस्त आणि महाग पावडरीतली नव्हती, ती स्वस्त पावडर आणि नुसता सोडा यांतली होती. तिला त्यात चोखंदळपणाचे प्रशस्तिपत्र कुणी दिले नाही. शुभ्रतेच्या सगळ्याच जाहिरातींनी आणखी एक सवय लावली, ती म्हणजे शेजाऱ्याच्या दोरीवरचे कपडे पाहून आपले कपडे मोजण्याची. स्वच्छतेची गोष्ट अशी हळूहळू स्पर्धेची झाली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आम्हाला दूर ठेवण्याचे कारण अस्वच्छता आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. मग आम्ही स्वच्छ झालो. पांढरे सदरे घालून शाळेत, महाविद्यालयात, कचेरीत गेलो. अंतर मिटले का? पुष्कळ ठिकाणी मिटले नाही. भाड्याची खोली नाकारण्याला, पाण्याचा माठ वेगळा ठेवण्याला दुसरी कारणे सापडली. बाबासाहेबांनी वारंवार दाखवून दिले होते, की अस्पृश्यता मळातून आलेली नाही. ज्याला स्नान करूनही शिवत नाहीत, त्याच्या अंगावर मळ नसतोच. तो पाहणाऱ्याच्या मनात असतो. स्वच्छता आणि शुद्धता या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वच्छता पाण्याने आणि पावडरीने मिळते, आणि ती कुणालाही मिळवता येते. शुद्धता मात्र कुणीतरी दुसऱ्याने बहाल करायची असते, आणि बहाल करणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो. आमच्या आयांनी त्या पावडरीने स्वच्छता मिळवली. शुद्धतेचा दाखला त्यांनी कुणाकडे मागितला नाही. त्यांच्या धुण्याचा हाच खरा अर्थ आहे, असे आम्ही मानतो.

आता त्या तरुण भगिनीकडे परत येऊ. ‘अनिवार्य’ हा शब्द लिहिताना आमच्या मनात काय होते? शिस्त होती, दीक्षाभूमीची आठवण होती, छायाचित्रे चांगली यावीत अशी इच्छाही होती. यांतले काहीही वाईट नाही. तरीही परिणाम असा झाला, की वृद्धांची अंथरुणे बदलून, त्यांना न्हाऊ घालून, म्हणजे करुणेचे प्रत्यक्ष काम रात्रभर करून आलेली एक उपासिका कपड्याच्या रंगामुळे स्वतःला वंदनेस अपात्र समजली. आपण स्वच्छतेला पुन्हा शुद्धतेच्या आसनावर बसवले, तेही बुद्धाच्या जयंतीला.

संयुक्त निकायात खेमक नावाच्या आजारी भिक्खूची कथा आहे. मी अमुक आहे अशी आसक्ती आपल्यात उरलेली नाही, तरी ‘मी आहे’ असा सूक्ष्म अहंभाव अजून गेलेला नाही, हे तो ज्येष्ठ भिक्खूंना समजावून सांगतो. त्यासाठी तो धुण्याचाच दृष्टांत देतो. मळलेले वस्त्र धोब्याकडे जाते. तो ते खाऱ्या मातीत, क्षारात किंवा शेणाच्या पाण्यात चोळून स्वच्छ पाण्यात खळबळून काढतो. वस्त्र निर्मळ होते. पण ज्याने मळ काढला त्या क्षाराचा वास त्यात उरतो. तो वास जायला वस्त्र सुगंधी पेटीत ठेवून काळ जाऊ द्यावा लागतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा दृष्टांत पावडरीने कपडे धुतलेल्या कुणालाही लगेच पटेल. आमचे असेच झाले आहे. जातीचा मळ आम्ही घासून काढला. पण ज्या अभिमानाने तो काढला, त्या अभिमानाचा वास आमच्या पांढऱ्या कपड्यांना अजून येतो. आम्ही आता नीटनेटके, सुस्थितीतले, परदेशस्थ आहोत, असे तो वास सांगत असतो. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला, काळजीवाहू कामगाराला, गोदामात पाळी करणाऱ्याला तो दारातच जाणवतो.

यावर आमच्यातल्या काही ज्येष्ठांचे म्हणणे असे, की पांढऱ्या वस्त्रांचा आग्रह सोडला तर आपली ओळख पातळ होईल. या चिंतेचा आम्ही आदर करतो. परदेशात आपल्या मुलांना धम्माची दृश्य रूपे थोडीच दिसतात. पांढरे कपडे आणि निळा ध्वज ही त्यांतली ठळक. म्हणून पांढरा रंग सोडावा असे आम्ही म्हणत नाही. आग्रह स्वतःपुरता असावा आणि निमंत्रण सर्वांसाठी असावे, एवढेच म्हणतो. दाराशी काही पांढऱ्या ओढण्या ठेवाव्यात, रंगीत कपड्यांत येणाऱ्यांनी त्या घ्याव्यात, अशीही एक सूचना आली. हेतू चांगला असला तरी ती आम्हाला मान्य नाही. ज्यांना वेगळे ओळखू यावे म्हणून खुणा लावल्या गेल्या, त्यांच्या वंशजांनी दारात कुणाच्या अंगावर खूण ठेवू नये, मग ती शुभ्र का असेना.

आमच्या सूचना साध्या आहेत. पुढच्या निमंत्रणात ‘शक्य असल्यास पांढऱ्या वस्त्रांत यावे, कामावरून येणाऱ्यांनी आहे त्या कपड्यांत यावे’ असे लिहावे. कामाच्या कपड्यांत आलेल्यांना मागे नव्हे, इतरांच्या बरोबरीने बसवावे. दुसरे असे, की चादरी धुण्याचे, भांडी घासण्याचे, सभागृह झाडण्याचे काम आजवर बहुतेक भगिनींनीच केले आहे. पुढच्या वर्षी ते पुरुषांनी करावे. आणि तिसरे, घरात आई, आजी, मावशी असतील तर त्यांना एकदा धुण्याविषयी विचारावे. पाणी कुठून आणत, कोणत्या पाणवठ्यावर जाऊ देत, पहिली पुडी कधी घेतली, दीक्षेचे पातळ कशाने धुतले. बाबासाहेबांच्या चळवळीचा इतिहास परिषदा आणि ठराव यांच्या तारखांत आहे, तसा तो या उत्तरांतही आहे. ही उत्तरे देणाऱ्या पिढीतल्या आता मोजक्याच उरल्या आहेत. त्यांचे बोलणे लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून आमच्याकडे पाठवल्यास आम्ही ते प्रसिद्ध करू.

निरमाचा तो पुडा अजून अर्धा शिल्लक आहे. रोजच्या धुण्याला तो वापरावा असा आमचा मुळीच आग्रह नाही. इथल्या यंत्रांना तो मानवत नाही हे आम्ही फरशी पुसताना शिकलो. पुढच्या जयंतीच्या चादरी मात्र आम्ही त्याच पावडरीने, टबात, हातानेच धुणार आहोत. त्या तरुण भगिनीला आम्ही आमची चूक सांगितली आहे आणि पुढच्या वर्षी वंदना तिने म्हणावी अशी विनंतीही केली आहे. रात्रपाळी असली तरी येईन, असे ती म्हणाली. गणवेश बदलून येऊ का, असे तिने विचारले नाही. आम्हाला तेवढे पुरेसे आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!